हिरव्या गाडीचं वजन

नांदेड, ८ जानेवारी १९८३

मारोती,

दुआ-सलाम शेवटी लिहीन. आधी कामाचं, कारण तू अर्धं पत्र वाचतोस आन चहाला निघून जातोस, मला ठावं हाय.

आपल्या डॉक्टरसाहेबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. दिवाळी झाल्यावर लगेच. तुला कळवलं न्हाई, म्हटलं महिनाभरात उठतील आन माझ्यावर ओरडतील. उठले न्हाईत. जीव वाचला, पाय हळूहळू चालून राहिला, पण उजवा हात मांडीवर नुस्ता ठेवलेला अस्तो आन तोंडातून शब्द न्हाई. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात, हात मेलेला न्हाई, वाचा बी परत येईल, पण ह्यांनी मनावर घेतलं पाह्यजे. हे मनावरच घेईनात. दाबायला रबरी चेंडू दिला तर डाव्या हातानं खिडकीबाहेर फेकला. अम्मानं नवऱ्यासाठी दुसरा आणला, तो बी गेला. आता गल्लीतली पोरं रोज खिडकीखाली उभी राहतात.

परवा मी माळ्यावरून करंटच्या गाड्यांचा पट्टा खाली काढला. साहेबांनी विलायतेत शिकताना घेतलेला, तोच. टेबलभर पसरतो, आठाच्या आकड्यासारखा, त्यात दोन खाचा, खाचेच्या कडेनं करंटची पट्टी. लाल गाडी खाचेत उभी केली आन बटण त्यांच्या उजव्या हातात दिलं. अंगठा काही हलला न्हाई. पण नजर हलली, यार. दोन महिन्यांत पहिल्यांदा ते काहीतरी बघत होते. आधी लाल गाडीकडं बघितलं, मग बाजूच्या रिकाम्या खाचेकडं, आन मग डोळे मिटून घेतले.

दर रविवारी दातांचा दवाखाना बंद झाल्यावर ते लाल गाडी चालवायचे आन आपण दोघं आळीपाळीनं हिरवी. एकट्यानं त्यांनी कधी गाडी फिरवली न्हाई. "एकटी पळते ती शर्यत नव्हे, हवा खाणं," असं म्हणायचे. तर हिरवी गाडी पाठव. तू लातूरला निघालास तवा त्यांनी ती तुला दिली, म्हाईत हाय. मी उसनी माग्तोय. हात हलला तर तिच्यापायी हलेल, असं माझं मन म्हणतं.

अम्माचा भाऊ बिदरहून पत्रं टाकून राहिला की दवाखाना बंद करा आन पाडव्याला दोघं इकडं या. अम्मा थकली, ती हो म्हणेल. साहेब तिकडं भिंतीकडं तोंड करून पडून राहतील, हे तुला सांगायला नको.

लवकर कर. कोंडाबाईला सलाम.

हनीफ

*

लातूर, १६ जानेवारी

हनीफ,

जय भीम. पत्र पुरं वाचलं. दोनदा वाचलं. चहा गार झाला.

गाडी हाय, पण गाडी न्हाई. इकडं येताना चाकूरला कोणीतरी यष्टीच्या टपावर ज्वारीचं पोतं चढवलं, ते थेट माझ्या ट्रंकेवर. खालची मोटार, चाकं, खाचेत बसायची खुंटी, सगळं साबूत हाय. वरची बॉडी मात्र पापडासारखी फुटली. जुनं प्लास्टिक, त्यात उन्हाचं. मी कोणाला सांगितलं न्हाई. साहेबांनी हातात ठेवलेली वस्तू लातूरपर्यंत बी टिकवता आली न्हाई, हे कोणत्या तोंडानं लिहू?

तुकडे सगळे चुन्याच्या डबीत ठेवले होते, ते आन खालचा सांगाडा पाठवतो. नाकाची डावी बाजू भेटली न्हाई, आत बसवलेला बाहुला डायवर बी कुठं पडला कोणास ठावूक. तू एवढी वर्षं लोकांची मोडलेली तोंडं उभी करून राहिला. दोन दातांवरून आख्खी कवळी करतोस. मग एका गाडीचं तोंड करता येत न्हाई का? तू बॉडी ओत, रंग माझ्याकडं. एक तुकडा माझ्याजवळ ठेवून घेतला, रंग जुळवायला.

इथं काम बख्खळ हाय. नवा जिल्हा झाल्यापासून सगळ्या गावाला पाट्या बदलायची घाई झाली. उस्मानाबाद खोडायचं, लातूर लिहायचं. कचेरी झाली, शाळा झाल्या, काल मुतारीवर बी 'जिल्हा लातूर' लिहून आलो. जिल्हा भेटला, पाणी तेवढं भेटंना. विहिरी जानेवारीतच तळाला गेल्या, टँकर येतो तेव्हा गल्लीत लढाई अस्ते आन कोंडाबाई ती रोज जिंकून येते.

साहेबांना सांग, मारोती रंग देऊन राहिला. फुटल्याचं सांगू नको.

मारोती

*

नांदेड, ४ फेब्रुवारी

मारोती,

फुटल्याचं सांगितलं. लपवायला जागाच न्हाई, सगळे तुकडे त्यांच्याच टेबलावर मांडून जुळवले. त्यांनी डाव्या हातानं एक तुकडा माझ्याकडं सरकवला. बॉनेटचा होता आन बरोबर जागेवर बसला. मी अम्माकडं बघितलं, अम्मा माझ्याकडं बघत होती.

बॉडी झाली. आता हसू नको. तुकडे मेणानं जोडले, नाकाची गेलेली बाजू मेणानंच कोरली, मग कवळीसारखाच प्लास्टरमधी साचा घेतला, मेण उकळून काढलं आन आत आपलं रेझिन दाबलं. पावडर आन पाणी, तेच, दातवाल्यांचं. म्हणजे रंग बी दातवाल्यांचाच. तुझी विलायती रेसिंगची गाडी, लांब नाकाची, उघड्या टपाची, ती आता हिरड्यांसारखी गुलाबी हाय. अम्मा पदर तोंडाला लावून हसली. त्या घरात दिवाळीपासून कोणी हसलं नव्हतं.

एक गडबड झाली. घाईत साचा लवकर तापवला, त्यानं डाव्या बाजूला बारीक बारीक बुडबुडे धरले. देवीचे व्रण असतात तसे. तू त्या खड्ड्यांत लांबी भरून घास, तुला सांगायची गरज न्हाई. पण एक सांगतो, जड करू नको. तुला म्हाईत हाय, साहेब माझी हरएक कवळी उजव्या तळव्यावर घेऊन वर-खाली तोलायचे आन एकच शब्द बोलायचे, "जड." की मी पुन्हा घासायला बसलो. पेशंटच्या तोंडात बसली तरी चालेल, साहेबांच्या तळव्यावर बसंना. त्या शब्दानं माझे कान किटले. म्हणून ही बॉडी मी अशी पातळ काढली की उजेडाला धरली तर पलीकडची बोटं दिसतात. तोलू दे आता त्यांना.

डबा लातूर गाडीच्या कंडक्टरकडं दिला हाय. पाडवा एप्रिलात हाय, पण तू उद्यापासूनच लाग.

हनीफ

*

नांदेड, १ मार्च

मारोती,

डबा पोचला का न्हाई? कंडक्टर म्हणतो, हातात दिला. मग तुझा हात कुठं हाय?

नव्या जिल्ह्यात जाऊन साहेब झाला असशील तर तसं कळव. मी इथं नांदेडात दुसरा पेंटर बघतो. ट्रकमागं कमळं काढणारे लई हायत.

साहेबांनी परवा चालायचं बी सोडलं. बिदरवाल्यानं जीप ठरवली. ह्याच्यावर आणखी काय लिहू.

हनीफ

*

लातूर, ९ मार्च

हनीफ,

ट्रकवाल्याकडं देऊ नको. तो गाडीवर 'बुरी नजरवाले' लिहील.

डबा पोचला. काम चालू हाय. कामाच्या गर्दीत वेळ भेटंना, एवढंच. लांबी भरली, वाळली, आता घासणं चालू हाय. हे काम बोटांनी करायचं, डोळ्यांनी न्हाई. डोळे मिटून हात फिरवला आन कुठं अडला न्हाई, तरच रंग लावायचा. माझा अजून अडतो.

हिरवा जुळवला. दुकानातला बाटलीचा हिरवा चालत न्हाई, तो पोपटासारखा दिसतो. हिरव्यात काळा घातला आन पिवळ्याचा एक ठिपका, मग ठेवलेल्या तुकड्याशेजारी वाळू दिला. वाळल्यावर कोंडाबाईला विचारलं, ह्यातला जुना कोणता? तिनं नवा दाखवला. तवा समाधान झालं.

मला पुढची काच पाह्यजे, स्टेअरिंग पाह्यजे आन डायवर. लातुरात असल्या वस्तू भेटत न्हाईत. तुझ्याकडं दातांचा बाजार हाय, काहीतरी निघेल.

साहेबांना चालायला लाव. मी रागावलो म्हणून सांग. आजवर कधी रागावलो न्हाई, हे बी सांग.

मारोती

*

नांदेड, १७ मार्च

मारोती,

मागच्या पत्रातलं मनावर घेऊ नको. तू बी घेत न्हाईस, मला ठावं हाय, पण लिहावं लागतं.

तुझा राग त्यांना वाचून दाखवला. ऐकून घेतलं आन संध्याकाळी दारापर्यंत चालून आले. मी म्हटलं, मारोतीला घाबरले. अम्मा म्हणे, घाबरले न्हाईत, वाट बघायला गेले.

सोबत पुडी हाय, जपून उघड. काच म्हणजे दाताच्या एक्स-रेची फिल्म, सोड्याच्या पाण्यात धुऊन साफ केली. कोणाची दाढ होती ती गेली, आता आरपार दिसतं. स्टेअरिंग कवळीच्या तारेचं हाय. पुढच्या जाळीला अम्माची चहाची गाळणी कापली. तिला अजून सांगितलं न्हाई. बॉनेटवरचा पट्टा साहेबांच्या जुन्या घड्याळाच्या पट्ट्यातून काढला, बारीक कातरून.

डायवर मी कोरला. मेणात करून रेझिनात ओतला, चष्मा बी दिला. माझी सवय, काय करू, त्याला दात बी दिले. बत्तीसच्या बत्तीस न्हाईत, पण हसल्यावर दिसतील तेवढे. रंगवताना दात पांढरे ठेव.

आता खरं सांगतो. मला भ्या वाटून राहिलं. गाडी आली आन त्यांनी नुस्ती बघून डोळे मिटले तर? मग माझ्याकडं दुसरं काही न्हाई. एवढी वर्षं त्या माणसाच्या शेजारच्या खोलीत बसलो, बाप गेला तवा बी मी असा लटपटलो नव्हतो. पाडव्याला तू ये. तू समोर बसलास तर ते बटण दाबतील.

हनीफ

*

लातूर, ८ एप्रिल

हनीफ,

येता येणार न्हाई. यंदा पाडवा आन बाबासाहेबांची जयंती एकाच दिवशी आली. नव्या जिल्ह्याची पहिली जयंती हाय, आख्ख्या मिरवणुकीचे बॅनर माझ्या अंगावर हायत. साहेबांना सांग, ते समजतील. त्यांनीच मला पहिल्यांदा जयंतीचा बॅनर रंगवायला कापड आणून दिलं होतं.

गाडी पाठवतो. आता ऐक. बॉडीला काळपट हिरवा. बॉनेटच्या बाजूला हवेच्या फटी होत्या, त्या एकेक रेघ ओढून काढल्या, खाली काळी सावली, वर उजेड, लांबून खऱ्या कोरल्यासारख्या वाटतात. सीट विटकरी तांबड्या रंगाची, कातड्यावानी. बाजूला पांढरा गोल आन त्यात सात. तो सात मी खारीच्या केसाच्या ब्रशनं लिहिला, श्वास धरून. तसला सात मी कलेक्टर कचेरीवर बी लिहिला न्हाई. पिवळी कड ओढताना हात हलला न्हाई. डायवरचे दात पांढरे ठेवलेत, पण तो तुझ्यावानी दिसतो, त्याला मी काय करू.

बॉडी खालच्या सांगाड्यावर बसवताना थोडी दाब. रंग मागच्या चाकाला घासतो का बघ. घासला तर आतून खरवड, बाहेरून हात लावू नको.

निकाल लगेच कळव. पोस्टात टाकू नको, कंडक्टरकडं दे.

मारोती

*

(गाडी गुंडाळलेल्या कागदावर, पेन्सिलीनं)

हनीफभाऊ, मी कोंडाबाई लिहून राहिले. हे तुमाला सांगणार न्हाईत म्हणून लिहिते. ती लांबी पाणी लावून घासावी लागते, तवा गुळगुळीत होते. ह्यांनी माझ्याकडं एक तांब्या पाणी मागितलं. म्या दिलं न्हाई. टँकर दोन दोन दिवस येत न्हाई, घरात प्यायला पुरंना. ह्यांनी गाडी महिनाभर ठेवून दिली, मग कोरडीच घासली. चरे पडले. ते झाकायला रंगावर रंग चढवला. सात हात झाले, म्या मोजले. गाडी चांगली दिसते पण हातात घेतली की कळतं. हळू पळली तर ह्यांना बोलू नका, मला बोला. साहेबांना बरं वाटू दे.

*

नांदेड, १६ एप्रिल

मारोती,

बस खाली. चहा नंतर.

बिदरवाला पाडव्याच्या सकाळीच जीप घेऊन आला. अम्मानं ट्रंका भरलेल्या. मी म्हटलं, एक रविवारचा खेळ होऊ द्या, मग जा. तो म्हणे, आज गुरुवार हाय. मी म्हटलं, आमच्यात आज रविवार.

पट्टा मांडला. साहेबांना खुर्चीत बसवलं. लाल गाडीचं बटण त्यांच्या उजव्या हातात दिलं, वरून बोटं मिटवली. मग तुझी गाडी डब्यातून काढली. मारोती, अम्मा दोन पावलं मागं सरली. खरी वाटली तिला. साहेबांनी तो सात बघितला, बॉनेटवरचा पट्टा बघितला. घड्याळाचा हाय हे ओळखलं, कारण आपल्या मनगटाकडं बघितलं. अम्मानं गाळणी बी ओळखली. त्याचं पुढं बघू.

आन मी बटण दाबलं.

काय सांगू तुला. तुझी गाडी म्हशीवानी निघाली. मी बटण पार तळाला दाबून धरलं तरी ती आपली डुलत डुलत. वळणावर आली, मोटार नुस्ती घुंघुं करू लागली, आन तिथंच बसली. बिदरवाला घड्याळ बघू लागला. मला वाटलं संपलं, आता हे डोळे मिटतात.

मिटले न्हाईत. भुवया जवळ आल्या. तुला ती कपाळाची आठी आठवते, पेशंटच्या दातात माझी चूक दिसली की पडायची ती? ती पडली. त्यांनी डावा हात पुढं केला, गाडी खाचेतून उचलली, उलटी करून खालून बघितली, पुन्हा सुलटी केली. मग उजव्या हातातलं बटण काढून टाकलं आन गाडी त्या हातावर ठेवली. उजव्या तळव्यावर. कवळी ठेवायचे तशी.

तो हात मांडीवरून उठला. लई न्हाई, दोन बोटं उठला असेल. वर, खाली. पुन्हा वर. थरथरत होता, पण बोटं गाडीभोवती वळली होती, ती पडू नये म्हणून. आन त्यांचं तोंड वाकडं झालं, ओठ दोनदा जुळले, तिसऱ्यांदा शब्द निघाला.

"जड."

अम्मानं ऐकलं न्हाई की ऐकून विश्वास बसला न्हाई, ती धावत आली, "एनंद्री? काय म्हणालात?" म्हणून हलवू लागली. तिच्याकडं बघितलं बी न्हाई त्यांनी. माझ्याकडं बघितलं. पुन्हा म्हणाले, "जड. उतरव."

मारोती, ह्या शब्दाला मी आयुष्यभर शिव्या घातल्या. परवा तो ऐकून मी कवळ्यांच्या खोलीत गेलो आन कपाटाला डोकं लावून रडलो. मोठ्यानं रडलो. बिदरवाल्यानं पाणी आणून दिलं मला. भला माणूस हाय तो. पुरणपोळी खाऊन एकटाच जीप घेऊन गेला.

आता पुढचं. लाल गाडी अजून पळली न्हाई. काल रात्री अंगठा बटणावर टेकवला त्यांनी, पण दाब बसत न्हाई. बसेल. चेंडू दिला तर आता फेकत न्हाईत, तोलतात. पण शर्यत लावायची म्हटलं की हिरव्या गाडीकडं बोट दाखवतात आन मान हलवतात. जड गाडीसंगं ते पळणार न्हाईत. जिंकायचं तर बरोबरीच्या गाडीला हरवून जिंकायचं, तुला त्यांचा स्वभाव म्हाईत हाय. तर गाडी परत पाठवतो. सगळा रंग उतरव, पाण्यानं घास, आन दोन हातांत संपव. तिसरा हात लावलास तर ते तोलतील आन मला कळेल. सात जपता आला तर जप, न्हाई तर पुन्हा लिही. श्वास धरून.

कोंडाबाईला म्हणावं, तिचा कागद मी साहेबांना वाचून दाखवला. ती रागावेल, रागावू दे. ऐकताना ते खिडकीबाहेर बघत होते. संपल्यावर अम्माला स्वैपाकघराकडं बोट दाखवलं. अम्मानं चहा आणला. मान हलवली. ताट आणलं. मान हलवली. मग ते स्वतः उठले, भिंत धरत धरत गेले आन पाण्याच्या हंड्यावर हात ठेवून उभे राहिले. उजवा हात.

तर ह्या यष्टीनं डब्यासंगं पाण्याचे दोन कॅन येतील, लातूर स्टँडवर जाऊन उतरवून घे. कंडक्टर कुरकुर करीत होता, त्याला त्याच्या दाढेची आठवण करून दिली. मोठा कॅन कोंडाबाईचा. लहान कॅन गाडीचा, त्याला तिनं हात लावू नये, असा साहेबांचा हुकूम हाय.

लाल गाडी खाचेत उभी करून ठेवली हाय. काढू देईनात.

हनीफ